नवव्या जातीचा नर

पाणनिवळीची जात ओळखायची तर नर हाती लागावा लागतो. डबक्याच्या पाण्यावर लांब पाय पसरून सरसर पळणारा तो किडा सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि कोळी समजून सोडून दिलेला असतो. तो कोळी नव्हे, ढेकणाच्या गणातला आहे. त्याच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात, की नराच्या पोटाचं शेवटचं टोक भिंगाखाली उलटंसुलटं करून पाहिल्याशिवाय कुणी तज्ज्ञ तोंड उघडत नाही. मी सात वर्षं एका नराच्या मागे होते. हे वाक्य मी घरात उच्चारलं की आमच्या सासूबाई, गंगम्मा, डोक्यावरचा पदर सावरून देवघराकडे बघतात.

मी अनुपमा. परभणीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. हे लिहिणं माझ्याबद्दल नाही, आमच्या प्रयोगशाळेतले परिचर सिद्धोधन मामा यांच्याबद्दल आहे. पण त्यांच्याबद्दल सांगायचं तर माझा मूर्खपणा आधी सांगावा लागतो, आणि ते मला अजूनही जड जातं.

मामा पेडगावचे. वडील दत्तराव छप्पन साली बौद्ध झाले तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं त्यांना. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले, पण मुलाला बारावी सायन्सपर्यंत शिकवलं. मामांनी बी.एस्सी.ला नावही घातलं होतं. त्याच वर्षी दत्तरावांची पाठ धरली ती कायमची, आणि मामा ज्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून आले होते तिथंच अठ्ठ्याऐंशी साली परिचर म्हणून लागले. अडतीस वर्षं. या काळात विभागात चार प्रमुख होऊन गेले आणि प्राध्यापक किती आले-गेले याची गणती नाही. त्यातल्या निम्म्यांना झुरळाची लाळग्रंथी नीट सोडवायला मामांनीच शिकवलं, हे कुणी कबूल करत नाही. मीही करत नव्हते.

दोन गोष्टींसाठी मामा कॉलेजभर माहीत होते. एक म्हणजे त्यांचं अक्षर. आम्हा प्राध्यापकांची अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी, त्यामुळे बाटलीवरच्या चिठ्ठीपासून वार्षिक स्नेहसंमेलनाच्या फळ्यापर्यंत सगळं मामांनी लिहायचं. दुसरी म्हणजे त्यांची बोलायची पद्धत. काही विचारलं की आधी हातातलं काम पुरं करणार, मग हात पुसणार, रुमालाची घडी करून खिशात ठेवणार आणि मग उत्तर देणार. तोवर विचारणाऱ्याचा जीव जातो. माझा स्वभाव मुळात तापट. माहेरी वडिलांच्या दुकानात गिऱ्हाईकं माझ्या तोंडाला लागत नसत. त्या रुमालाच्या घडीनं माझं किती रक्त आटलं ते मलाच ठाऊक.

दोन हजार अठरा साली मी जिल्ह्यातल्या पाणनिवळ्यांची यादी करायला घेतली. गोदावरी, पूर्णा, दुधना. पूर ओसरला की या नद्यांच्या काठच्या मळईत डबकी मागे राहतात. लोक त्या गाळात हरभरा टाकतात, टरबुजाच्या वेली लावतात, आणि डबकी आटत आटत मार्चपर्यंत परातीएवढी होतात. प्रत्येक डबक्यात निवळ्या वेगळ्या, दर महिन्याला वेगळ्या. कुणी हे काम केलेलं नव्हतं. केलं नव्हतं त्याची कारणं मला हळूहळू कळत गेली.

दर शनिवारी मी आणि मामा माझ्या जुन्या चारचाकीतून निघायचो. पोखर्णीच्या बाजूला एकदा, ताडकळसच्या पुढं एकदा. मी जाळं घेऊन चिखलात उतरायचे, आरडाओरडा करून सगळं पाणी ढवळून काढायचे आणि चार पिल्लं घेऊन वर यायचे. मामा काठावर उकिडवे बसायचे, स्वतःची सावली पाण्यावर पडू द्यायचे नाहीत, आणि चहाच्या गाळणीनं एकेक निवळी अशी उचलायचे की शेजारचीला पत्ता लागू नये. संध्याकाळी प्रयोगशाळेत येऊन आम्ही ते सगळं वेगळं करायचो. धड नमुने मद्यार्काच्या बाटलीत, तुटके बेसिनमध्ये.

ही तुटक्याची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिथंच बिघडलं. आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक येतो. टेबलावर ठेवलेल्या किड्याचा पाय तुटलेला दिसला, मिशी गळालेली दिसली, की तो भुवया वर करतो आणि शेरा लिहितो. त्या शेऱ्याच्या भीतीनं विभागात एकच शिस्त चालत आली होती: तुटका नमुना ठेवायचा नाही. मी त्याच शिस्तीत शिकले, त्याच शिस्तीत शिकवायला लागले, आणि परीक्षेची ती शिस्त बिनदिक्कत नदीवरच्या कामाला लावली. कुणी मला अडवलं नाही, असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

एकोणीसच्या मार्चमधली संध्याकाळ होती. आठ जाती पक्क्या झाल्या होत्या, आठ बाटल्या ओळीत. पाचव्या बाटलीत एक बुटकी, बिनपंखाची, काळी निवळी होती, पाठीवर चांदीसारखे दोन ठिपके असलेली. आमच्या डबक्यांत तिचाच सुकाळ. आणि त्या दिवशी माझ्या बशीत चार निराळ्याच निवळ्या आल्या होत्या. अंगानं लांबट, खांदे रुंद, पाठीवर पोटाच्याही मागे जाणारे लांब काळपट पंख. ग्रंथात कुठंच जुळेनात. मी म्हटलं, मामा, ही नववी. ही कदाचित कुणीच पाहिलेली नाही.

मामांनी चिमटा खाली ठेवला. हात पुसले. रुमालाची घडी केली.

"मॅडम, ही नववी न्हाई," ते म्हणाले. "ही पाचवीच हाय. उडून येती, आन् पाण्यावर बसली की पंख मोडून टाकती. ह्ये तुटके बघा की, आर्धे पंख हायत अंगावर. मधल्या हायत ह्या."

त्यांच्यासमोरच्या बशीत वीस-पंचवीस तुटक्या निवळ्या पडल्या होत्या. पंखांचे नुसते खुंट उरलेल्या.

मला आजही माझा आवाज ऐकू येतो. मी म्हणाले, "मामा, तुम्ही ते तुटके टाका आणि बरण्या धुवायला घ्या. उशीर होतोय."

त्यांनी टाकले. बरण्या धुतल्या. त्यानंतर दर मार्चला असे तुटके नमुने यायचे, मी सांगितलं म्हणून मामा ते बेसिनमध्ये ओतायचे, आणि एकदाही पुन्हा तोंडातून शब्द काढला नाही. काही किडे पाण्यावर उतरल्यावर स्वतःचे पंख मोडतात हे मी वाचलेलं होतं बरं का. दूरदेशीच्या किड्यांबद्दल छापील पानावर वाचलं होतं, म्हणून ते खरं होतं. पेडगावच्या माणसानं प्रयोगशाळेत सांगितलं, म्हणून ते खोटं.

मग नऊ जातींचा लेख छापून आला. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर माझा फोटो आला, हातात बाटली धरलेला. विभागप्रमुख शिवकांत सरांना उमाळा आला आणि त्यांनी व्हरांड्यात मोठा लाकडी तक्ता लावायचा हुकूम सोडला. निळी जमीन, पांढरं अक्षर, ऑइल पेंट. वर मथळा, 'जिल्ह्यातील पाणनिवळ्या : नऊ जाती', आणि खाली नऊ ओळी. लिहिणार कोण, हे विचारायची गरजच नव्हती. मामा स्टुलावर चढून दोन दिवस लिहीत होते. मी येता-जाता सूचना देत होते.

तज्ज्ञांना मात्र उमाळा येत नाही. मी त्या चार निवळ्या कोलकात्याला एका जाणत्याकडे पाठवल्या होत्या. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: चारही माद्या आहेत, नर पाठवा. आणि तिथून माझी सात वर्षांची फरफट सुरू झाली.

नर मिळेना. पंखवाल्या निवळ्या वर्षातून जेमतेम तीन आठवडे दिसायच्या, आटत्या डबक्यांवर, मार्चमध्ये. एका वर्षी पूरच आला नाही, त्यामुळे डबकीच झाली नाहीत. पुढच्या वर्षी इतका आला की रस्ताच राहिला नाही. एकदा आमचं हमखासचं डबकं वाळूच्या टिप्परनी भरून टाकलं होतं, एकदा जलपर्णीनं. एकदा सगळं जमलं, बारा पंखवाल्या सापडल्या, बाराच्या बारा माद्या. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला बुरशी आली तर खरेदी समितीनं तीन दरपत्रकं मागितली, आणि तिसरं येईपर्यंत पहिल्याची मुदत संपली. घरी गंगम्मा विचारायच्या, "आलं का गं तुझ्या त्या पोरीला एखादं स्थळ?" मी हसायचे नाही. रोज मनात तेच चालायचं: नर असणारच, कुठंतरी असणारच, मीच नीट शोधत नाही. दर वर्षी कोलकात्याची तीच ओळ यायची. पुढं पुढं तर मला ती ओळ न उघडताच वाचता यायची.

यंदाचा मार्च मामांचा शेवटचा. मे अखेरीला ते निवृत्त होणार होते. माझी पदोन्नतीची मुलाखत जूनमध्ये होती, आणि अर्जात मी त्या नवव्या जातीवर लाल रेघ मारण्याइतका भर दिला होता. मला नर हवा होता आणि तो याच महिन्यात हवा होता. म्हणून एका शनिवारी दुपारी आम्ही ताडकळसच्या पुढं गोदावरीच्या मळईत गेलो, तर डबक्यात मोटार सोडलेली. शेजारी किशनराव नावाचे शेतकरी टरबुजाच्या आळ्यात पाईप जोडत बसलेले.

"काका, दोन दिवस मोटार लावू नका, आमचं काम आहे," मी म्हटलं.

"कशाचं काम?"

"या किड्यांचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं बघितलं. "पाव्हणं, ह्या बाईंना काही तरी सांगा. इथं येल वाळायलाय, आन् मी किड्यापायी मोटार बंद ठिवू?"

मामांनी हात पुसले नाहीत, कारण हातात काही नव्हतं. "जय भीम, किशनराव," ते म्हणाले. "मोटार चालू करा की. लाईट कवा यायलीय?"

"चारला."

"मंग चारपोत्तर आमाला बघू द्या. नंतर पाणी तुमचंच हाय."

किशनराव मान हलवून पुन्हा पाईपला लागले. घड्याळात दीड वाजला होता. मी जाळं घेऊन उतरले. तासाभरात सहा पंखवाल्या हाती लागल्या. काठावर बसून भिंगातून एकेकीचं पोट पाहिलं. मादी. मादी. मादी. चौथी, पाचवी, तेच. सहावीला माझा तोल गेला आणि मी भिंग चिखलात फेकलं. मी मामांवर ओरडले, काय ओरडले ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्यात "अडतीस वर्षं तुम्ही नुसते बघत बसला" असं एक वाक्य होतं.

मामा काठावरून उठले. चिखलातलं भिंग उचलून स्वतःच्या सदऱ्याला पुसलं. मग रुमाल काढला, हात पुसले, घडी केली.

"मॅडम, तुमी दर साली तिला धरल्या धरल्या अर्कात घालता," ते म्हणाले. "आज एकीला जित्ती ठिवा. दोन तास. मग तुमाला पायजे ते करा."

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी हो म्हटलं. मामांनी गाडीतून पांढरी इनॅमलची परात आणली, डबक्याचं पाणी भरलं, बाभळीच्या सावलीत ठेवली. गाळणीनं एक पंखवाली मादी आणली. मग पाण्यावरून चार बुटक्या, बिनपंखाच्या, चांदीच्या ठिपक्यांच्या निवळ्या उचलून तिच्या सोबतीला सोडल्या. "ह्ये नर हायत," ते म्हणाले. भिंगाशिवाय.

आम्ही परातीच्या दोन बाजूंना बसलो. पाऊण तास काही झालं नाही. मादी कडेला चिकटून उभी. मी घड्याळ बघत होते, डास मारत होते, मनात मुलाखतीची उत्तरं घोळवत होते. मग मामा हळूच म्हणाले, "बघा."

मादीनं मागचा एक पाय पाठीवर घेतला होता. पंखाच्या कडेला तो लावून ती रेटत होती, थांबत होती, पुन्हा रेटत होती. एक पंख मुळाजवळ वाकला, आडवा झाला आणि तुटून पाण्यावर पडला. कुठं तुटायचं ते आधीच आखून ठेवल्यासारखा सरळ तुटला. दुसऱ्याला वेळ लागला. तो अर्धा लोंबत राहिला, आणि त्या घटकेला माझ्यासमोर बरोबर तेच होतं जे मी सात वर्षं बेसिनमध्ये ओतायला लावलं होतं. मग तोही पडला. पंख गेल्यावर तिचं लांबटपण गेलं. खाली झाकलेले चांदीचे दोन ठिपके उघडे पडले, पाचव्या बाटलीतल्यांसारखेच, तसूभर इकडेतिकडे नाहीत. काही वेळानं त्या चार नरांपैकी एक सरकत आला आणि तिच्या पाठीवर चढला. तिनं चढू दिलं.

नवव्या जातीला नर नव्हता, कारण नववी जात नव्हती. तिचे नर सात वर्षं माझ्या कपाटात होते, पाचव्या बाटलीत, शेकड्यांनी.

मला रडू आलं ते शरमेनं आलं की संतापानं, सांगता येणार नाही. संताप स्वतःवरच होता, पण काढायला समोर मामाच होते. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"आजोळ माझं हिकडंच, नदीकाठाला," मामा म्हणाले. "उन्हाळ्यात माय संगट आणायची. सरजाबाई म्हणल्यावर इथले म्हातारे अजून वळखतेत. आटलेल्या डबक्यात ती मासे धरायची सकाळच्या पारी. तवा पाण्यावर ह्ये पंख तरंगायचे, कांद्याच्या सालीवानी, लय. मी इचारलं, ह्ये काय म्हणून. ती म्हणली, घरात आल्यावर चपला काढतो न्हाई का आपुन, तसं हाय."

"मग मला पुन्हा का नाही सांगितलं? सात वर्षं?"

या प्रश्नावर त्यांनी रुमाल काढला नाही. लगेच उत्तर दिलं. "एकदा सांगितलं होतं की."

चारला लाईट आली, मोटार सुरू झाली, आणि आमच्या डोळ्यांदेखत डबकं कडेकडेनं उघडं पडायला लागलं. आम्ही परातीतली ती मादी, तो नर आणि दोन तुटके पंख एका बाटलीत घातले आणि निघालो.

गाडीत मी हिशोबी बोलले. म्हटलं, मामा, मी दुरुस्ती पाठवणार आहे, कोलकात्याला आणि मासिकालाही. फक्त जूनची मुलाखत होऊ द्या. तोवर कुणाला सांगू नका.

"मी कुणाला सांगू?" मामा म्हणाले. "मला कोण इचारतंय?"

ताडकळस मागे पडल्यावर ते पुन्हा बोलले. "पण तक्ता, मॅडम. पोरं त्याच्यावरून लिहून घ्यायलेत. परीक्षेत नऊ लिहायलेत. मी जायच्या आदी त्येवढा बदलू द्या. एक तासाचं काम हाय. बाकी तुमचं तुमी बघा."

मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे काय हे परभणीत लहान पोरालाही कळतं. तक्ता बदलला की शिवकांत सर विचारणार, सरांनी विचारलं की मुलाखतीआधी सगळं उघडं पडणार. मामांनी एप्रिलमध्ये एकदा विचारलं, मेच्या सुरुवातीला एकदा. दोन्ही वेळा मी बघूच म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. रोज सकाळी ते व्हरांडा झाडायचे तेव्हा तक्त्याखालून झाडू फिरवताना मान वर करायचे नाहीत. मला ते दिसायचं आणि मी वर्गाकडं सटकायचे.

मेच्या शेवटच्या शनिवारी त्यांचा निरोप समारंभ झाला. सुट्ट्या असूनही स्टाफ रूम भरली होती. मामांच्या पत्नी कुसुमबाई पहिल्या रांगेत, नव्या साडीत, अवघडून बसल्या होत्या. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि शिवकांत सर भाषणाला उभे राहिले. सरांना एकदा माईक मिळाला की आवरत नाही. "सिद्धोधनचं अक्षर म्हणजे आपल्या विभागाचा चेहरा," सर म्हणाले. "व्हरांड्यातला नऊ जातींचा तक्ता बघा. अनुपमा मॅडमचं संशोधन आणि सिद्धोधनचं अक्षर. तो तक्ता आता आपण कायमचा फ्रेम करून घेणार आहोत. वर काच बसवणार आहोत. त्याची आठवण म्हणून."

मी खाली मान घालून बसले होते.

मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते कधीच बोलत नाहीत, त्यामुळे सगळे हसतमुखानं वाट बघत होते. त्यांनी शाल खांद्यावर नीट केली. रुमाल काढला, तळहात पुसले, घडी करून खिशात ठेवला. मग सगळ्यांचे आभार मानले, नावं घेऊन, अगदी गेलेल्या दोन प्रमुखांसकट. शेवटी म्हणाले, "सर, काच बसवू नका. त्या तक्त्यावरलं अक्षर माझं हाय. आकडा माझा न्हाई."

आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या. जोरात. सर माईकमध्ये म्हणाले, "याला म्हणतात विनय." कुणीतरी पेढे वाटायला सुरुवात केली. सगळ्यांना वाटलं, की मामा श्रेय नाकारतायत. त्या खोलीत एकट्या मला कळलं की त्यांनी मला तक्त्याचं तिसऱ्यांदा विचारलं होतं. या वेळी ऐंशी माणसांसमोर विचारलं होतं, आणि तरीही माझं नाव न घेता. पेढा हातात घेऊन गप्प बसायची मुभा त्यांनी मला ठेवली होती. बसले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. मामांनीही कुणाला सांगितलं नसतं. हे मला माहीत होतं म्हणूनच मला बसवेना.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, जाती नऊ नाहीत. आठ आहेत. चूक माझी आहे. मामांनी सात वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही."

टाळ्या थांबल्या. सरांनी माईकवर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हे आपण नंतर बोलू. मुलाखतीनंतर." मी म्हटलं, नाही सर, आता. माझा आवाज चढलेला होता, कारण तो तसाच आहे. मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. पेढ्यांचं ताट मध्येच थांबलं. कुसुमबाई माझ्याकडं आणि मामांकडं आळीपाळीनं बघत होत्या.

मामा उठले. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, शाल काढून घडी करून कुसुमबाईंच्या मांडीवर ठेवली आणि दाराशी येऊन मला म्हणाले, "चला मॅडम. पावणेपाच झालेत. साडेपाचपोत्तर मी नोकरीत हाय."

व्हरांड्यात स्टूल डगडगत होतं, ते मी धरलं. मामांनी आधी मथळ्यातला 'नऊ' काढला, तो लवकर निघाला. मग नवव्या ओळीवर पत्र्याची पट्टी चालवायला लागले. पांढरा रंग माझ्या डोक्यावर, खांद्यांवर पडत होता. ती ओळ काही केल्या निघेना, कारण उठून दिसावी म्हणून तिला रंगाचे दोन हात द्यायला मीच सांगितलं होतं, आणि मामांनी ते नीट दिले होते.